फळ्याच्या कोपऱ्यातलं नाव

मॅडमनी डबा हलवला, आतली एक चिठ्ठी काढली, उलगडून वाचली आणि काही न बोलता फळ्याच्या उजव्या कोपऱ्यात खडूनं लिहिलं, रसिका भुवड. नावाभोवती चौकट आखली. मग हात झटकून त्या कालचा धडा पुढे शिकवायला लागल्या.

तेवढ्यानं मी वर्गातून नाहीशी झाले.

म्हणजे बाकावर बसलेली होतेच. पण शेजारची अनुजा, जिनं दोन मिनिटांपूर्वी माझं पेन मागून घेतलं होतं, तिनं ते माझ्यापुढे न ठेवता बाकाच्या कडेला ठेवलं. अल्ताफ मुकादम पुढच्या बाकावरून सारखा मागे वळून काहीतरी पुटपुटायचा, तो आज वळला तरी त्याची नजर माझ्या खांद्यावरून मागच्या भिंतीवर गेली. मॅडमनी प्रश्न विचारला, मी हात वर केला, त्यांनी माझ्या मागच्याला उठवलं. सगळे मन लावून करत होते. पोरं गुणी होती आमच्या वर्गातली.

रत्नागिरीच्या एका कॉलेजात मी तेव्हा मानसशास्त्रात एम.ए. करत होते. नलावडे मॅडम पुण्याहून नव्या आल्या होत्या आणि त्यांचा अभ्यासाचा विषय होता, माणसाला चारचौघांनी नसल्यासारखं वागवलं तर त्याचं काय होतं. परदेशात यावर बरंच काम चाललंय, आपल्याकडे कुणी करत नाही, असं त्या म्हणायच्या. मला तेव्हाही गंमत वाटली होती. आपल्याकडे करत नाहीत म्हणे.

प्रयोग सोपा होता. वर्गात आम्ही मोजकीच मुलं. रोज सकाळी एक चिठ्ठी निघणार. ज्याचं नाव येईल तो त्या दिवशी नाही. त्याच्याशी बोलायचं नाही, त्याच्याकडे बघायचं नाही, त्यानं विचारलं तर ऐकू आलेलं नाही. बाहेरच्या कुणी त्याच्याबद्दल चौकशी केली तर असं कुणी इथं नाही म्हणायचं. ‘मी मुद्दाम माणूस पाठवेन हं तुमची परीक्षा बघायला,’ असं मॅडमनी बजावलं होतं आणि पहिल्याच दिवशी ऑफिसातल्या शिपायाला पाठवलंही होतं. संध्याकाळी पाच वाजले की खेळ संपला. मग त्या दिवशीच्या माणसानं एक प्रश्नावली भरायची. सगळ्यांनी आधी होकार दिलेला होता. मीही.

पहिल्या दिवशी अल्ताफ होता. सकाळी त्यानं धमाल उडवली. आमच्या नाकासमोर टाळ्या वाजवल्या, अनुजाच्या डब्यातली पोळी उचलून खाल्ली, आपल्याच नावानं शोकसभा घेतली. जेवणानंतर तो गप्प झाला. चारच्या सुमाराला व्हरांड्यात उभा राहून स्वतःच्या हातांकडे बघत होता. पाच वाजता म्हणाला, ‘नाटक आहे ते माहीत होतं यार. तरी असं वाटायला लागलं की माझं खरंच काहीतरी चुकलंय.’ अनुजानं तिच्या दिवशी दुपारीच डोळ्यांतून पाणी काढलं होतं.

आणि आज मी. खरं सांगते, मला आतून हसू येत होतं. या बिचाऱ्यांना काय ठाऊक की ते कुणाला बाहेर काढायला निघालेत. यात मी मुरलेली होते.

आमचं गाव तिथून एसटीनं तीन-साडेतीन तास. नाव सांगत नाही, अजून आमची माणसं आहेत तिथं. मी सहावीत असताना गावानं आमच्या घराला वाळीत टाकलं. कारण माझी आत्या, सुगंधा. तिचं सासरही गावातच, खालच्या वाडीत. नवरा वारला, मूलबाळ नव्हतं, आणि वर्ष सरायच्या आत दिरानं तिला घर सोडायला सांगितलं. आत्या गावकीच्या बैठकीत उभी राहून बोलली. बाई बैठकीत बोलली हा एक गुन्हा. तिथं कुणी ऐकलं नाही म्हणून ती तालुक्याला जाऊन अर्ज देऊन आली. गावातली गोष्ट गावाबाहेर नेली, हा त्याहून मोठा गुन्हा. मानकऱ्यांनी ठरवलं, तिला कुणी घरात घ्यायचं नाही. माझ्या बाबांनी घेतलं. त्यांची एकुलती एक बहीण ती.

देवळाच्या फळ्यावर दुसऱ्या दिवशी बाबांचं नाव लागलं, महादेव भुवड, भोवती चौकट. त्याचा अर्थ शाळेतल्या पोरालाही कळायचा. तेव्हापासून आम्हाला कुणी हाक मारली नाही. गिरणीवाला आमचं दळण घेत नव्हता, बाबा पिशवी डोक्यावर घेऊन शेजारच्या गावी जायचे. शिमग्यात देवाची पालखी घरोघर जाते, ती आमच्या दारावरून जाताना भोई पावलं उचलून चालायचे. आई गेली तेव्हा खांदा द्यायला माझा मामा आपल्या गावातून टेम्पोत माणसं घालून घेऊन आला. अंगणाच्या दगडी गडग्यापलीकडून लोक आपापल्या कामाला जात होते, आणि कुणाची मानही वळली नाही.

यातून सुटायचा मार्ग गावानं सांगून ठेवला होता. सुगंधाला घराबाहेर काढायचं आणि देवळात नारळ ठेवून चूक कबूल करायची. बाबा ऐकायचे नाहीत. ‘पाठची भयन हाय माजी,’ एवढंच म्हणायचे. आत्या मात्र अधूनमधून आपलं बोचकं बांधायची. बाबा ते सोडून लुगडी परत दांडीवर टाकायचे. आमच्या घरातलं भांडण म्हणाल तर ते हेच.

तर अशा घरातून मी आलेली. त्या दिवशी मी काय करायचं ते मला कुणी शिकवायला नको होतं. पहिली गोष्ट म्हणजे कुणाचे डोळे शोधायचे नाहीत. डोळे शोधले की संपलं. हाताला सतत काम ठेवायचं. रस्त्यातून चालताना आपणच थोडं कडेनं व्हायचं, म्हणजे समोरच्याला आपल्याला चुकवावं लागत नाही. जेवताना सावकाश जेवायचं. मधल्या सुट्टीत मी डबा खाल्ला, भांडं धुतलं आणि लायब्ररीत खिडकीपाशी जाऊन बसले. दुपारचा तास नव्हता. तळमजल्यावरची ती जमिनीपर्यंतची खिडकी फाटकाच्या वाटेकडे उघडायची, वाराही छान यायचा. मी बरंच वाचून काढलं. मध्ये वर्गातली दोघं लायब्ररीत आली आणि माझ्या टेबलाजवळून हवेतून गेल्यासारखी गेली. मी मान वर केली नाही.

पाच वाजता मॅडमनी फळा पुसला.

आणि सगळे माझ्यावर तुटून पडले. अनुजानं मला मिठीच मारली. ‘सॉरी गं, सॉरी, कसली शांत बसलेलीस तू, मला तर बघवत नव्हतं.’ कुणीतरी कॅन्टीनमधून वडे आणले होते. पाच-सहा जण एकदम माझ्याशी बोलत होते, माझं नाव घेत होते, कुणी माझी वेणी ओढत होतं. तेव्हा मला रडू फुटलं. दिवसभरात काही झालं नव्हतं, आणि आता हुंदके आवरेनात. असं माझ्याशी वागणं कुणी थांबवलंय, हे मी आयुष्यात पहिल्यांदा बघत होते.

मॅडम माझी प्रश्नावली बघत होत्या. ‘रसिका, हे असं कसं?’ त्या म्हणाल्या. ‘एकटं वाटलं का, शून्य. राग आला का, शून्य. सगळ्यांचे आकडे वर जातात, तुझे हललेच नाहीत. आणि आता रडतेयस.’

मी काहीतरी बोलणार होते. तेवढ्यात अल्ताफ म्हणाला, ‘मॅडम, आजचा तुमचा माणूस मात्र एक नंबर होता. त्या शिपायापेक्षा शंभर पटीनं भारी. कुठल्या नाटक मंडळीतला?’

‘कुठला माणूस?’ मॅडम म्हणाल्या.

‘तो दुपारचा. काका. आम्ही वर्गात बसलेलो, तर दारात येऊन उभा राहिला. चपला बाहेर काढून हं. म्हणाला, रसिका भुवड इथंच असते ना? आम्ही कसले वस्ताद, कुणी बघितलंच नाही. मग त्यानं एकेकाला विचारलं. मी सांगितलं, अशी कुणी मुलगी इथं नाही. तर फळ्याकडे बोट दाखवून म्हणाला, नाव लिवलंय की तिचं. आणि मग जो चेहरा केला ना त्यानं...’

‘मी आज कुणालाच पाठवलं नव्हतं,’ मॅडम म्हणाल्या.

अल्ताफ हसायचा थांबला. त्यानं बाकाखालून एक कापडी पिशवी काढली. ‘ही दारात ठेवून गेला. आम्हाला वाटलं नाटकातलीच.’

मी पिशवी उघडायच्या आधीच मला वास आला. कुळथाचं पीठ. पिशवी आत्यानं जुन्या परकराची शिवलेली होती, तिचा टाका मी कुठंही ओळखला असता. बाबा दाढ दाखवायला रत्नागिरीला येणार आहेत असं गेल्या खेपेला बोलणं झालं होतं, पण ते कॉलेजात येतील असं मला वाटलं नव्हतं. ते कधी कुणाच्या दारात जायचे नाहीत. सवयच गेली होती त्यांची.

माझे बाबा आले होते. आणि त्यांनी काय बघितलं ते माझ्या डोळ्यांसमोर उभं राहिलं. फळ्यावर माझं नाव, भोवती चौकट, आणि सगळं जग सांगतंय की अशी कुणी मुलगी नाही.

मी एसटी स्टँडवर पळत गेले. अल्ताफ माझ्या मागे पळत होता, ‘अगं सांग तरी काय झालं,’ म्हणत होता. आमच्या गावची शेवटची गाडी केव्हाच सुटली होती. घरी फोन नव्हता, आणि गावात ज्यांच्याकडे फोन होता त्यांनी आमच्या घरी निरोप दिला नसता. अल्ताफला मी तिथं फलाटावर बसून सगळं सांगितलं. कॉलेजातल्या कुणाला सांगितलेलं ते पहिल्यांदाच. त्यानं स्टँडवरच्या नळावरून मला पाणी आणून दिलं. मग म्हणाला, ‘मी येतो उद्या तुझ्याबरोबर. त्यांच्या पाया पडतो. सांगतो मी, की खेळ होता म्हणून.’ मी नको म्हटलं. मीच सांगणार होते. एवढीशी तर गोष्ट होती, समजावून सांगितली की झालं.

सकाळच्या पहिल्या गाडीनं निघाले. फाट्यावर उतरले तेव्हा ऊन चढलं होतं. तिथं एक पत्र्याची शेड आहे, गाडीची वाट बघायला. तिच्यात आत्या बसली होती. पायाशी बोचकं.

‘आत्ये, कुठं निघालीस?’

‘आलीस होय गो,’ ती म्हणाली. जरा सरकून तिनं मला जागा करून दिली. ‘जेवलीस काय? नाय ना? बस. चिपळूणला मनीकडं जातंय. ती कवापासनं बोलावतेय, बालवाडीत पोरांचा भात रांधायला बाय हवीय म्हणते.’

मनी तिची मैत्रीण. मी तिच्या तोंडाकडे बघत राहिले. तिनं केस नीट विंचरले होते, स्वच्छ लुगडं नेसली होती.

‘बाबांनी काढलं तुला?’

‘दादा कशाला काढील? रात्री आला तो तसाच उठून मानकऱ्यांकडं गेला. आला नि माज्यासमोर खाली बसला. मी म्हटलं, दादा, ठेव तू नारळ. मग मी बोचकं बांधलं.’ ती थांबली. ‘ह्या वेळी त्यानं सोडलं नाय ते.’

मी तिला सगळं सांगितलं. चिठ्ठ्या, फळा, मॅडम, पाच वाजता संपणारा खेळ. तिला ते लगेच कळेना. ‘म्हंजे मुद्दाम? शिकायसाठी?’ असं तिनं दोनदा विचारलं. मग कळलं तेव्हा तिच्या चेहऱ्यावर एकदम काहीतरी हललं, आणि तिनं ते लपवायला पदर तोंडावर घेतला. तिला आशा वाटली होती. मला स्पष्ट दिसली ती.

‘मी बाबांना जाऊन सांगते,’ मी म्हटलं. ‘तू हलू नकोस. गाडी आली तरी चढू नकोस. मी आलेच.’

‘बरं,’ ती म्हणाली. ‘बसते हितं. जा सांग जा.’

मी धावतच गेले. फाट्यापासून घर तसं जवळ, पण चढण आहे. अंगणाशी आले आणि पाय थांबले. आमच्या अंगणात माणसं होती. मांडव नव्हता, पण खळ्यात सतरंज्या पसरल्या होत्या. बायका विळ्या घेऊन बसल्या होत्या, चुलाणावर मोठं पातेलं चढलं होतं. ज्या माणसांना मी इतकी वर्षं फक्त पाठमोरी बघितली होती त्यांचे चेहरे माझ्याकडे वळले. ‘अरे, रसिका आली बघ म्हादबाची!’ कुणीतरी ओरडलं. म्हादबा. बाबांचं ते नाव मी विसरूनच गेले होते. वाळीत टाकल्यापासून ते कुणी उच्चारलं नव्हतं.

बाबा पाण्याची घागर उचलत होते. दोघं जण त्यांच्या हातातून ती काढून घेत होते, ‘तू बस रे, आमी हाव ना,’ म्हणत होते. बाबा ओशाळं हसत होते. त्यांना बोलायला जमत नव्हतं, शब्द मध्येच अडकत होते, आणि समोरचा माणूस ते पुरं व्हायची वाट बघत थांबत होता. मी त्यांना खूण केली आणि घरामागे फणसाखाली नेलं.

‘बाबा, काल जे बघितलंत ते खरं नव्हतं. तो कॉलेजातला प्रयोग होता. रोज एकाचं नाव काढतात. माझ्या आधी दुसऱ्यांची झाली होती. पाच वाजता संपतं सगळं. मला कुणी बाहेर काढलेलं नाही. माझ्या मैत्रिणी आहेत तिथं, चांगली मुलं आहेत ती.’

एका दमात बोलले. बाबा माझ्याकडे न बघता फणसाच्या खोडाचा डिंक नखानं काढत होते.

‘म्हायती हाय,’ ते म्हणाले.

‘काय माहिती आहे?’

‘फाटकावरल्या माणसानं सांगितलं. मी निघालो तर त्यानं माजं तोंड बघून इचारलं, काका, काय झालं? मी सांगितलं. तर हसायला लागला. म्हणला, पोरांचा खेळ चाललाय, पाचला संपतो, थांबा तवर बाकड्यावर. चा पण पाजलान.’

‘मग? मग थांबला का नाहीत? आणि हे का केलंत?’

अंगणात कुणीतरी त्यांना हाक मारत होतं. पानं मांडू काय, असं विचारत होतं.

‘बाकड्यावरनं तुजी खिडकी दिसत व्हती,’ ते म्हणाले. ‘तू वाचत बसलेलीस. दोन पोरं तुज्या बाजूनं गेली, तर तू पाय आत घेतलास. त्यांना वाट झाली. मान वर नाय केलीस. मग परत पाय लांब केलास नि वाचायला लागलीस. मी बगत व्हतो, हिला कायतरी व्हईल, रडंल, उठंल. कायच नाय. आरामात बसलेलीस गो. इतकं झ्याक जमत व्हतं तुला.’

‘बाबा, मला त्याचं काहीच वाटलं नाही, खरंच.’

‘तेच तर बगितलं मी.’ त्यांनी नखातला डिंक खोडाला पुसला. ‘हाक मारायची व्हती तुला. तोंडातनं फुटंनाच. खेळ त्या पोरांचा व्हता, रसके. तुजा नव्हता. मी वाढवलंय तुला तसं. सुगंधीला वाचवता वाचवता तुला मी असं करून ठेवलं.’

‘आत्या फाट्यावर बसलीय. तिला मी थांबवलंय.’

त्यांनी एकदा फाट्याच्या दिशेनं बघितलं. मग पंच्यानं तोंड पुसलं आणि म्हणाले, ‘तिला सांग... नको. काय नको सांगू.’ आणि अंगणाकडे वळले. कुणीतरी म्हणालं, ‘म्हादबा, तू हितं मध्ये बस, आज तुजाच मान हाय,’ आणि बाबा त्यांच्यात जाऊन बसले. त्यांची पाठ ताठ होती. मी कितीतरी वर्षांनी त्यांना पाठ ताठ करून बसलेलं बघत होते, आणि ते बघून मला बरं वाटलं. बाबांवर संताप आला होता, आत्यासाठी काळीज तुटत होतं, तरीही बरं वाटलं. ही गोष्ट मी आजपर्यंत मॅडमनाही सांगितलेली नाही. त्यांचा लेख पुढे छापून आला, माझे आकडे त्यांनी वेगळे काढून ठेवले होते. अपवाद म्हणून.

मी परत फाट्याकडे निघाले. काय सांगायचं ते ठरत नव्हतं. वाटेत ठरवलं की आत्याला घेऊन मीच रत्नागिरीला जायचं, खोली घ्यायची, दोघींनी राहायचं. चिपळूण कशाला, बालवाडी कशाला. चालता चालता मी खोलीत चूल कुठं असेल तेसुद्धा मनात मांडलं.

शेडमध्ये आता आत्या एकटी नव्हती. जेवणासाठी केळीची पानं कमी पडली म्हणून वरच्या वाडीतल्या शेवंताकाकू आणि आणखी तिघी पानांचे भारे घेऊन येत होत्या, त्या सावलीला टेकल्या होत्या. आत्या शेडच्या दुसऱ्या टोकाला. मला बघताच शेवंताकाकू उठल्या आणि त्यांनी माझे दोन्ही हात धरले.

‘रसके! केवडी झालीस गो. तुजी आय असती तर आज किती खूश झाली असती.’ त्या खरंच रडत होत्या. लहानपणी त्यांच्याच ओटीवर मी खेळायची. मग एके दिवशी त्यांनी मला ओळखणं सोडलं होतं. ‘चल आता आमच्यासंगती, उनात कुठं फिरतेस?’

मी हात सोडवून घेतले आणि आत्याकडे गेले. तिच्या शेजारी बसले.

‘आत्ये,’ मी म्हटलं.

शेवंताकाकू आणि तिघी बायका एकदम गप्प झाल्या. पानांचा सळसळाटही थांबला. चौघी माझ्याकडे बघत होत्या. त्यांच्या नजरेत राग नव्हता, भीती होती. ही पोरगी आता काय करून बसते, अशी भीती. सकाळी नारळ ठेवला आणि दुपारी मुलगी वाळीत टाकलेल्या बाईच्या शेजारी. गावात कळायला किती वेळ लागला असता?

‘आत्ये, ऐक ना. मी तुला घेऊन जायला आलेय.’

आत्या रस्त्याकडे बघत होती. वळणावर गाडी येते का ते बघताना जसं बघतात तसं, डोळे बारीक करून. मी तिच्या हाताला हात लावला. तिनं हात झटकला नाही. माशी बसली असावी तसा हलकेच उचलून मांडीवर घेतला. तिच्या चेहऱ्यावर काही नव्हतं. मी आयुष्यभर ते बघत आले होते, देवळापाशी, विहिरीवर, रस्त्यात, आणि कधी कुणाचं इतकं चोख बघितलं नव्हतं. पुढे मी हा विषय शिकवायला लागले. वर्गात एखादं पोर खिडकीबाहेर बघत बसलं की अजून मी शिकवणं थांबवून त्याला नावानं हाक मारते.

‘आत्ये, माझ्याकडे बघ.’

तिनं बोचक्याची गाठ घट्ट केली. ‘आज लई उशीर लावलान गाडीनं,’ ती म्हणाली. कुणालाच नाही, रस्त्याला.

गाडी आली. ती उठली. मी बोचक्याला हात घातला, तिनं ते माझ्या हातातून ओढलं नाही, दुसऱ्या बाजूनं धरून उचललं, जणू ते आपोआप हलकं झालं होतं. ती पायरी चढली. मी खाली उभी. मला हुंदके येत होते आणि मी ‘आत्ये, आत्ये’ म्हणत होते. कंडक्टरनं माझ्याकडे बघितलं. तरुण होता, दुसऱ्या गावचा.

‘बाई, ही मुलगी तुमच्यासोबत आहे का?’

आत्यानं मागे वळून बघितलं. शेडकडे, पानांच्या भाऱ्यांकडे, माझ्यातून आरपार रस्त्याकडे.

‘कुठली मुलगी?’ ती म्हणाली.

कंडक्टर जरा घुटमळला. मग त्यानं दार ओढून घेतलं आणि डबल बेल दिली. गाडी वळणावरून दिसेनाशी झाली तरी मी तिथंच होते. शेवंताकाकूंनी येऊन माझ्या खांद्यावर हात टाकला, पदरानं माझं तोंड पुसलं. ‘चल गो बाय,’ त्या म्हणाल्या, ‘पंगत खोळंबलीय तुज्यासाठी.’

आणि मी त्यांच्याबरोबर गेले.